सिंदीचा नाला आणि मासळीची साक्ष



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आज बोलायला घेतला आहे नाला. तोही त्यातल्या मासळीच्या निमित्तानं. पण इतिहासाच्या या मालेत हा विषय मुद्दाम घेतला आहे. सिंदी मेघे हे गाव १९३५ साली ज्या प्रश्नासाठी 'हरिजन'च्या पानांवर आलं, तोच प्रश्न आज रूप बदलून नाल्यात उभा आहे. मधली नव्वद वर्षं नीट वाचली तर पुढं काय करायचं, हेही बरंचसं कळतं.

आधी गावाची ओळख. वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावं सर्वांना ठाऊक आहेत. एक सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे. दुसरं वर्धा शहराला खेटून असलेलं सिंदी मेघे. त्याच्या शेजारी बोरगाव मेघे, पिपरी मेघे, सावंगी मेघे अशी आणखी 'मेघे' गावं आहेत. सिंदी म्हणजे शिंदीचं झाड, रानखजूर. हे झाड ओढ्या-नाल्याच्या काठी, ओल असेल तिथं चांगलं वाढतं. गावाचं नाव झाडावरून पडलं असेल, तर त्या नावातच पाण्याची ओल आहे.

आता प्रश्न मांडतो. नाल्याचं पुनरुज्जीवन झालं, असं कधी म्हणायचं? पोकलेन लावून पात्र खोल केलं म्हणजे? दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घातल्या, काठावर बाकं टाकली म्हणजे? आमची कसोटी साधी आहे. त्या पाण्यात तिथलीच मासळी जगते का, आणि पावसाळ्यात अंडी घालते का? बाकी सगळ्या गोष्टी दिखाऊ करता येतात. मासळीला दिखाऊपणा जमत नाही.

चला, १९३५ कडे जाऊ. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४च्या अखेरीस स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. ती जागा जमनालाल बजाजांनी दिलेली. गांधीजी तिथं राहायला आले, आणि ग्रामसेवेची सुरुवात कुठून करायची तर शेजारच्या सिंदीपासून, असं ठरलं. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि मगनवाडीतली मंडळी बादल्या-फावडी घेऊन सिंदीला जात. रस्त्याकडेची विष्ठा उचलून मातीत पुरत. पुढं मीराबेन सिंदीतच राहायला गेल्या. तिथून त्या शेगावला गेल्या, आणि १९३६ साली गांधीजीही शेगावला आले. १९४० मध्ये त्या शेगावचं सेवाग्राम झालं. म्हणजे बघा, सेवाग्रामच्या आधीचा धडा सिंदीचा आहे. तो सोपा नव्हता. गावाची सवय काही महिन्यांत बदलली नाही, आणि मगनवाडीच्या मंडळींना पुष्कळ दिवस तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागलं.

त्या कामामागं एक नेमका विचार होता. विष्ठा ही घाण आहे ती चुकीच्या जागी पडल्यामुळं. योग्य जागी ती सोनखत आहे. डॉ. पूअर नावाच्या इंग्रज आरोग्यतज्ज्ञाचा हवाला गांधीजी देत. मैला फार खोल पुरू नये, नऊ ते बारा इंचांवर पुरावा, कारण जमिनीच्या वरच्याच थरात त्याचं खत करणारे सूक्ष्म जीव असतात. यातला गाभा ओळखा. माणसाच्या देहातून गेलेलं परत मातीकडं जावं, पाण्याकडं जाऊ नये. सिंदीत झालेलं ते काम रस्ता आणि गाव स्वच्छ करण्यासाठी होतं. पण त्या नियमानं नाल्याचंही रक्षण झालं असतं, कारण मातीत मुरलेलं नाल्यात उतरत नाही.

मग काय झालं? शहर वाढलं. वर्धा जिल्हा १८६२ सालचा, आणि वर्धा शहर वसवलं गेलं १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी. रेल्वे आली, कापसाचा व्यापार आला, पुढं शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं आली. गेल्या काही दशकांत शहराची सीमा ओलांडून प्लॉट पडत गेले, ते भोवतालच्या ग्रामपंचायतींत. जनगणनेच्या भाषेत सिंदी मेघे हे 'जनगणना नगर'. म्हणजे मोजताना शहर, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. वस्ती शहराची, घरपट्टी गावाची. रस्ता नि दिवे कसेबसे होतात. भूमिगत गटार आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र ही अशा ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली कामं नाहीत.

दुसरीकडं नळ आला. तो यायलाच हवा होता. वर्ध्याला आणि लगतच्या गावांना पाणी मुख्यतः धाम नदीचं. महाकाळीच्या धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून खाली येळाकेळी-पवनारकडं येतं आणि तिथून उचललं जातं. पण नळानं आलेलं पाणी घरात राहत नाही हो! अभियंते ढोबळ हिशेब धरतात, की पुरवलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. माणशी १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरलं, तर हजार माणसांच्या वस्तीतून दिवसाला लाखभर लिटर सांडपाणी निघतं. ते कुठं जातं? घरामागच्या नालीतून मोठ्या नालीत, तिथून नाल्यात. सेप्टिक टँकचं वरचं पाणीही बहुतेक ठिकाणी तिकडंच वळवलेलं असतं. पाणी आणण्याची योजना झाली. पाणी परत पाठवण्याची योजना झालीच नाही.

आमच्या पिढीनं पाहिलेले या भागातले नाले हंगामी असत. पावसाळ्यात दुथडी, हिवाळ्यात बारीक धार, आणि उन्हाळ्यात जागोजाग राहिलेले डोह. मासळी उन्हाळा काढी ती त्या डोहांत. आज वस्तीजवळचे नाले पाहा, मे महिन्यातही वाहताना दिसतात. एखादा भाबडेपणानं म्हणेल, वा, नाला बारमाही झाला! झाला खरा, पण ते आपल्या न्हाणीघरांचं आणि संडासांचं पाणी आहे.

अशा पाण्यात मासळी का जगत नाही, ते समजून घेऊ. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्म जीव तोच प्राणवायू वापरून टाकतात. त्यात आमचा विदर्भाचा उन्हाळा. वीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी जितकं तापेल तितका प्राणवायू कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाण्याचे जे वर्ग केले आहेत, त्यांत मत्स्यजीवनाच्या वर्गासाठी लिटरमागं निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. वस्तीखालच्या नाल्यात उन्हाळ्याच्या पहाटे तो कित्येकदा शून्याजवळ येतो. म्हणून काठावरचं करंज, जांभूळ, उंबर तोडणं ही नुसती झाडं तोडणं नसते. त्या सावलीखालचं पाणी आपण तापवत असतो.

कोणी म्हणेल, "पण सर, नाल्यात मासे दिसतात की!" दिसतात, हे खरं आहे. पण कोणते? डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्यानं सोडलेले गप्पी. कुठून तरी आलेला तिलापिया. नाही तर तो आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात 'थाई मागूर' म्हणतात आणि ज्याच्या पालनावर देशात बंदी आहे. मागूर, शिंगी, मरळ यांना वरची हवा घेण्याची सोय निसर्गानंच दिलेली आहे, म्हणून ते वाईट पाण्यातही तग धरतात. तेव्हा 'मासा आहे' एवढी साक्ष पुरत नाही. कोणता मासा आणि किती प्रकारचा, हे विचारावं लागतं.

नाला दूषित झाला तर बिघडलं कुणाचं? आमचं पाणी तर धामचं आहे! हा युक्तिवाद उघडपणे कोणी करत नाही, पण वागणं त्याला धरून असतं. याचं उत्तर नागपूरनं देऊन ठेवलं आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहानं १७०२ साली नागपूर वसवलं, आणि शहराचं नाव नाग नदीशी जोडलेलं राहिलं. लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघून, अंबाझरीवरून शहराच्या पोटातून वाहत ती पुढं कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण, ज्याची पायाभरणी १९८८ साली झाली. म्हणजे नागपूरचं सांडपाणी धरणाच्या जलाशयात उतरतं. पाणी बिघडल्याची आणि मासळी घटल्याची तक्रार वर्षानुवर्षं करत आले ते भंडाऱ्याकडचे लोक, त्यातही ढिवर. घाण करणारे एका जिल्ह्यात, भोगणारे दुसऱ्या. आता नाग नदीसाठी सुमारे दोन हजार कोटींच्या घरातला प्रदूषण निवारण प्रकल्प मंजूर झाला आहे. नाल्याच्या वेळी जे काम थोडक्यात होतं, ते नदी झाल्यावर हजारो कोटींचं होतं. आणि हे ध्यानात घ्या: सिंदी मेघेचं पाणी शेवटी वर्धा नदीला जातं, वर्धा नि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. तेव्हा नागपूरचं सांडपाणी आणि आपलं, दोन्ही एकाच नदीत भेटतात.

दुसरा एक इतिहास 'सुधारणे'चाच आहे. राज्यात डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवार अभियान आलं. त्याआधी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा प्रयोग गाजला होता. नाला खोलीकरण, रुंदीकरण, साखळी सिमेंट बंधारे ही कामं गावोगाव झाली. शेतकऱ्याला पाणी हवं आहे, आणि अनेक ठिकाणी विहिरींना ते मिळालं. हे नाकारण्याचं कारण नाही. पण सरसकट खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि शासनाला जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. वाद भूजलाचा होता, माथा ते पायथा या क्रमाचा होता. मासळीचं नाव त्यात फारसं आलंच नाही.

आणि मासळीच्या बाजूनं पाहिलं तर? मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीचे मासे आपल्याकडं कोणाला ठाऊक नाहीत? ते वर जातात अंडी घालायला. उथळ, गवताळ, नव्या पाण्यानं भरलेल्या जागी. सरळ उभी सिमेंटची भिंत आडवी आली, की ती वाट संपली. पात्र एकसारखं खोल केलं, की उथळ जागा गेली, खडकाआडचा आडोसा गेला, काठाचं गवत गेलं. त्यात साठा वाढला असेल. पण टाकी आणि नाला यांत फरक आहे. टाकीत पाणी साठतं. नाल्यात ते जगवतं.

मग हे परत आणता येतं का? येतं, आणि त्याचं उदाहरण लांबचं नाही. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडं, कोहळी समाजानं गोंड राजवटीपासून बांधलेले हजारो तलाव आहेत. माजी मालगुजारी, म्हणून 'मामा तलाव'. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, देखभालीची जुनी घडी मोडली. मासेमारी संस्थांनी कटला, रोहू, मृगळ, पुढं सायप्रिनस आणि गवत्या मासा सोडला. काठ बेशरमच्या झुडपांनी भरले. स्थानिक मासळी आणि पाणवनस्पती दोन्ही ओसरल्या.

इथं मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांबरोबर काम केलं. अर्जुनी मोरगावचे पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या मासेमारांचं ज्ञान त्याचा पाया होतं. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणत्या खोलीवर राहतो, काय खातो, हे त्यांना माहीत होतं. ते कुठल्या अहवालात नव्हतं. मग क्रम ठरला. बेशरम मुळासकट काढायची. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरायचा. त्यात स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. काही पाण्याखालच्या, काही तरंगणाऱ्या, काही काठच्या, देवधानासारख्या. तळ उकरणारे आणि वनस्पती फस्त करणारे परके मासे सोडायचे नाहीत. पुढं शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रियांनी बचत गटांतून हे काम हाती घेतलं. मासळी परत आली, पक्षी परत आले, आणि ढिवरांच्या जाळ्यातही फरक पडला.

तुम्ही म्हणाल, तो तलाव, हा नाला. तिथं गाव, इथं शहर. बरोबर आहे. शहरी उदाहरण हवं तर लंडनचं घ्या. तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं १९५७ साली जाहीर केलं होतं, की शहरातली टेम्स नदी जैविकदृष्ट्या मेली आहे. त्यानंतर मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं सुधारली. मासे परतल्याचं कळलं कसं? नदीकाठच्या वीजकेंद्रांत थंड करण्यासाठी नदीचं पाणी ओढत, त्याच्या जाळ्यांवर अडकलेले मासे मोजून. १९७४ साली तिथं सामन मासा सापडला. तो त्या नदीतून जवळपास दीड शतक नाहीसा होता. टेम्सचं पुनरुज्जीवन पात्र खोल करून झालं नाही. त्यांनी आधी घाण थांबवली, मग वाट पाहिली आणि मासे मोजले.

भंडारा आणि लंडन, दोन्हीकडून एकच क्रम मिळतो, आणि तो सिंदीच्या १९३५ च्या धड्याशी जुळतो. नाल्याचं काम नाल्यात सुरू होत नाही. ते घरामागच्या नालीत सुरू होतं.

मगनवाडीतच ग्रामोद्योग संघाचं काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक १९४५ सालचं. त्यात त्यांनी अर्थव्यवस्थांचे प्रकार सांगितले आहेत. यजमानाला खाऊन टाकणारी परोपजीवी, काही परत न देता घेणारी लुटारू, आणि वर चढत चढत सेवेची. आपल्या नळाला आणि नाल्याला ही फूटपट्टी लावून पाहा. धामचं पाणी घ्यायचं, त्याच्या बदल्यात खालच्यांना मैला द्यायचा. हा प्रकार कुठल्या पायरीवर बसतो, ते आम्ही सांगायला नको.

आता करायचं काय? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो सहसा दुसरा प्रश्न विचारतो. आज तसं करत नाही.

पहिलं, घराघरात शोषखड्डा. न्हाणी-मोरीचं पाणी तिथंच मुरवायचं. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी हे करून डासही कमी केले. पण आपली माती काळी, फुगणारी. ती पाणी लवकर जिरवत नाही. खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे, नाही तर आठ दिवसांत तुंबेल. सेप्टिक टँकचं पाणी मात्र उघड्या नालीत सोडायला ग्रामपंचायतीनं बंदी घालावी, आणि ती पाळली जाते का हे पाहावं.

दुसरं, उरलेलं सांडपाणी नाल्यात पडण्याआधी वनस्पतींच्या वाफ्यातून न्यावं. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनंच 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली आहे. गिट्टीच्या थरातून पाणी जातं, वर पाणकणीस, कर्दळ यांसारख्या वनस्पती असतात. वीज फार लागत नाही, पण जागा लागते. म्हणून नाल्याकाठच्या मोकळ्या जागेवर प्लॉट पडण्याआधी ती राखून ठेवायला हवी. हा निर्णय पैशाचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. जागा एकदा गेली, की कुठलाही निधी ती परत आणत नाही.

तिसरं, नाल्याला सरळ करू नका, सिमेंटात घालू नका. डोह असतील ते ठेवा. बंधारा बांधायचाच तर खालच्या बाजूला दगडांचा उतार करा, म्हणजे चढणीच्या माशाला वाट राहील. काठी जांभूळ-करंज लावा. शिंदीही लावा, गावाच्या नावाला जागल्यासारखं होईल.

चौथं, परके मासे सोडू नका, अगदी सदिच्छेनंही नाही.

आणि पाचवं, मोजा. सेवाग्रामला २ ऑक्टोबर २०२२ रोजी 'चला जाणूया नदीला' या राज्य अभियानाची सुरुवात झाली, तेव्हा ७५ नद्यांची नावं घेतली गेली. नाल्याचं नाव अशा यादीत येत नाही. ते काम गावानं करावं. शाळेत एक वही ठेवा. जुन्या भोई-ढिवर माणसांना बोलवा, त्यांना आठवतात त्या सगळ्या माशांची नावं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, आणि कोण कुठं, कधी मिळायचा तेही. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड लिहिले. त्यांत ढिमरांचीही नोंद आहे. माणसांची नोंद झाली. त्यांच्याजवळच्या ज्ञानाची व्हायची आहे. ती माणसं आता वयानं आमच्याएवढी किंवा पुढची आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

मग दर वर्षी मृगानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात, नाल्यावर ठरलेल्या दोन-तीन जागी पाहा. जुन्या यादीतली किती नावं चढणीला लागली, ते वहीत लिहा. पहिल्या वर्षी रकाना कोरा राहिला तर कोराच ठेवा, भरू नका. टेम्सलाही वेळ लागला. ज्या वर्षी त्या रकान्यात पहिलं नाव येईल, त्या वर्षी पुनरुज्जीवनाला सुरुवात झाली असं लिहायला हरकत नाही. तोवर उद्घाटनाची फीत थोडी थांबली तरी चालेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.